पाव सर्वांत वर

ती. अक्का हिला धाकट्याचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना मानतो की अजून भांडतो, ते सविस्तर कळव. "बरं आहे" एवढ्यावर माझं समाधान होत नाही, हे तू जाणतेस. तुझं पार्सल पोचलं. त्यावर तू एवढा दोरा गुंडाळला होतास की चिरंजीवाला शेवटी करवत आणावी लागली (आतल्या एका सदऱ्यात आता तिसरा हातही सुखाने घालता येईल). असो. आम्ही सर्व खुशाल आहोत, सूनबाई वगळता. आणि त्याला कारण मी, असं घरातलं बहुमत आहे. तू वडील, तेव्हा न्याय तूच कर.

आपल्याकडे दुकानातला माणूस सामान पिशवीत भरून देतो. भरतो म्हणजे कोंबतो: आधी अंडी, त्यावर बटाटे, आणि दिलगिरी म्हणून वर कोथिंबीर. पण निदान दोष द्यायला समोर कोणी असतं. इथे परमुलखात तीही सोय नाही. गल्ल्यावरची मुलगी एकेक वस्तू यंत्रापुढून ओढते आणि उतारावरून ढकलून देते. पुढचं तुमचं तुम्ही. पावाची तर निव्वळ विटंबना. आपला पाव कसा मेणकागदात, कडा दुमडून, अंगभर कपड्यांत घरी येतो. इथला लांबुळका पाव कमरेपर्यंतच कागद नेसतो आणि उघड्या अंगाने गावभर हिंडतो. कापलेला पाव प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो खरा, पण तिचं तोंड नखाएवढ्या चिमट्याने बंद केलेलं. तो चिमटा पहिल्याच दिवशी हरवतो, आणि मग चिरंजीव पिशवीला पीळ देऊन ती पावाच्याच अंगाखाली सारतो. स्थापत्यशास्त्राच्या प्राध्यापकाचा मुलगा हा.

काल, शनिवारी, सूनबाईने मला दुकानात नेलं ते एका अटीवर: बाबांनी कशातही लक्ष घालायचं नाही. कारण सबळ होतं. तिच्या बढतीचा निर्णय सोमवारी व्हायचा आहे, आणि तो ज्यांच्या हाती, त्या तिच्या वरिष्ठ बाई त्याच दुकानात येतात. मी शब्द दिला. पाळलाही असता, पण सूनबाई विसरलेलं दही आणायला आत गेली आणि आमचं सामान माझ्यापुढे घरंगळत आलं. कलिंगड पावाच्या दिशेने निघालं होतं, अक्का. मी तरी काय करणार?

मी भरलं. जड तळाशी, चौकोनी कडेला, गोल मधोमध. आणि पाव सर्वांत वर, सिंहासनावर बसवल्यासारखा. समाधानाने मान वर करतो तोच मागच्या आजोबांचं सामान माझ्यापुढे येऊन थांबलं. आजोबा हात बांधून उभे. त्यांनी मला दुकानाचा नोकर समजलं होतं. मी खुलासा करणारच होतो, पण त्यांच्या टोमॅटोंवर तेलाचा डबा आडवा पडलेला दिसला आणि खुलासा मागे पडला. त्यांचंही भरलं. त्यांच्या मागच्यांचंही. हळूहळू शेजारचे गल्ले ओस पडले (ही अतिशयोक्ती नाही, मी ती करत नाही). एका उंच, करड्या केसांच्या बाईंच्या पावाचं उघडं अंग बघवेना, म्हणून कागदी पिशवी फाडून त्याला टोपडंही करून दिलं. बाई इतक्या प्रसन्न झाल्या, की आपल्या घडातलं एक केळं तोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. निवृत्त विभागप्रमुखाच्या हातावर, केळं.

नेमकी तेव्हाच सूनबाई दही घेऊन आली, आणि जागीच थिजली. करड्या केसांच्या बाई म्हणजे तिच्या त्याच वरिष्ठ. त्या तिला कौतुकाने म्हणाल्या, की दुकानाने नेमलेला हा नवा माणूस बघ, आपल्या कचेरीत इतकं नेटकं काम एकाला जमत नाही. सूनबाईचा चेहरा हातातल्या दह्याशी स्पर्धा करू लागला. मला ओळख न दाखवणं तिला सहज शक्य होतं. तिला सोपं जावं म्हणून मी तोंड फिरवून केळ्याचं निरीक्षण करू लागलो.

"दुकानाचे नाहीत ते," ती म्हणाली. "आमचे आहेत."

माझ्या वाट्याला मानपत्रं बरीच आली, अक्का. इतकं निर्दोष वाक्य एकातही नव्हतं.

घरी आल्यावर मात्र, "बाबा, ते केळं आता खाऊन टाका," एवढंच. उद्या बढती हुकली तर खापर कुणाच्या माथी फुटेल, ते सांगायला नको. हो, दुकानातून निघताना तिथल्या व्यवस्थापकाने मला दर शनिवारी कामावर येण्याविषयी विचारलं. माझ्या पदव्या त्याला क्रमवार ऐकवून मी तो प्रस्ताव ठामपणे फेटाळला, हेही तुझ्या कानावर घालतो.

गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात बढती मिळाली. बाईंनी श्रेय सूनबाईच्या कामाला दिलं. पावाच्या टोपड्याचा विषय घरात कोणी काढलेला नाही. मीही काढत नाही (जेवताना एकदा काढला, तेवढाच).

आणखी ता. क. माझ्या कपाटात तळाशी जाड तळव्यांचे काळे बूट आहेत, जे घालून मी तास घेत असे. ते पाठव. वर 'ठामपणे' असा शब्द आला आहे, तो वाचू नकोस. सूनबाईच म्हणाली, "जायचंच आहे ना, मग पायात काहीतरी धड घालून जा." दोरा कमी वापर. आणि सोबत सदरे धाडणार असशील, तर बूट खाली, सदरे वर.