नियाजची ताटली

३ फेब्रुवारी, सोमवार
नाझियाच्या पोरीच्या लग्नात बँड! मी गेले नाही. धाकटी जाऊ असली म्हणून काय झालं? गल्लीत मला ‘फतवेवाली’ म्हणतात — म्हणोत. टीव्ही काढला. झाकीर गेल्यावर त्यांचा फोटोही उतरवला, नवऱ्याचा असला तरी फोटो तो फोटोच. माळावरच्या दर्ग्याकडे तर मी फिरकत नाही. मागायचं ते अल्लाकडे, कबरीपुढे हात कशाला पसरायचे? अल्लाच्या जोडीला दुसरं कुणी बसवलं की तो शिर्क, एवढी साधी गोष्ट! तरी दर उरुसाला नाझिया नियाजची, पिराच्या नावानं शिजवलेल्या भाताची ताटली घेऊन दारात उभी. मी परत पाठवते, ती हसते, पुढच्या वर्षी पुन्हा आणते. हट्टी बाई.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
ओवेस बदललाय! साजगावच्या कारखान्यातून सुटला की थेट मशिदीत. आधी पहाटे फजरच्या नमाजला उठवताना माझा घसा बसायचा. लेक अखेर माझ्यावर गेला.

११ फेब्रुवारी, मंगळवार
मशिदीत जातच नाही तो. इमामसाहेबांनीच विचारलं, ओवेस दिसत नाही हल्ली. घरी आल्यावर जाब विचारला, तर म्हणाला, तो इमाम भित्रा आहे. मग मोबाइल पुढे केला. कुठल्या तरी मुलखातला दर्गा जळत होता. आत माणसं होती.
‘अम्मी, तूच सांगतेस ना, हा शिर्क हाय म्हणून?’
सांगते. माझेच शब्द. त्याच्या तोंडून ऐकले आणि मी मोबाइल पालथा घातला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
पाण्याच्या टाकीमागे पेट्रोलचे कॅन. रविवारी उरूस. बायकांच्या मांडवाला जायला-यायला एकच वाट असते.
त्याला समोर बसवलं. म्हटलं, चूक ती चूक, मी मरेपर्यंत म्हणेन. पण मी ताटली परत करते रे, ताटली आणणारीचा जीव मागत नाही. आणि तिथं तुझी चाची बसलेली असेल. तिचं बोट धरून चालायला शिकलास!
‘तिला तू किती वेळा सांगितलंस. ऐकली का?’ मग म्हणाला, ‘तू अर्ध्यावर थांबलीस, अम्मी.’
आवाजही चढवला नाही त्याने. त्याचीच भीती वाटली मला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
कॅन मोरीत ओतायला गेले — जागेवर नाहीत! विचारलं, तर नुसता हसला आणि कामावर गेला.
दिवसभर एकच डोक्यात. खरंच अर्ध्यावर थांबले मी? की माझी वाट तिकडे जातच नव्हती? मुलींना कुराण शिकवायला बसले आणि लगेच त्यांना घरी पाठवलं. त्यातली कुठली माझं कसं ऐकत असेल, कोण जाणे.

१५ फेब्रुवारी, शनिवार
पोलीस आले. ओवेसला नेलं. कॅन कारखान्यामागच्या झुडपात सापडले म्हणे. सगळी गल्ली दारात. त्याची चप्पल इथेच राहिली.

१६ फेब्रुवारी, रविवार
उरूस नीट पार पडला. नाझिया ताटली घेऊन आली, डोळे सुजलेले. म्हणाली, ‘भाभी, आपल्या ओवेसचं नाव ज्यानं दिलं ना, त्याचे हात झडतील बघ.’ गोड पिवळा भात, वर काजू. मी ताटली तिच्या हातात परत ठेवली. आज ती हसली नाही. ‘यंदा तरी घे गं.’
‘नाय घेणार,’ मी म्हटलं. ‘आणि नाव मी दिलं.’