मागची टाकी रिकामी ठेवावी

मी, लोर्ना हॉगन, वय एकोणऐंशी, राहणार लुइसटाउन, मोंटाना, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी सिग्ने हिला मिळावी.

२. शिवणयंत्र शेजारीण बर्निस हिला द्यावं. माझा केकचा साचा तिने कधीच नेलाय, तोही आता तिचाच समजावा. मी मागून थकले.

३. प्रवासी ट्रेलर सिग्ने व जावई क्लिंट यांना, पण एका अटीवर. धान्याच्या कोठारावर मी एकतीस वर्षं ट्रक तोलले. त्याच भुईकाट्यावर हा ट्रेलर सामानासकट चढवावा. वजन दारातल्या पट्टीवर लिहिलेल्या पाच हजार पौंडांच्या आत हवं, आणि त्याचा निदान दहावा हिस्सा पुढे, ट्रकला जोडणाऱ्या हुकावर यायला हवा. भार मागे गेला की ट्रेलर उतारावर झोकांड्या खातो. काट्यावरच्या डेलने चिठ्ठीवर सही केल्याशिवाय किल्ली देऊ नये.

क्लिंट म्हणतो, "सासूबाई, माझा ट्रक डोंगर ओढेल."

"ओढेल रे. थांबवेल का, ते विचारतेय मी."

माझी नातवंडं त्याच ट्रकात बसतात, म्हणून ही अट.

४. आता जे मी सत्तावीस वर्षं दडवलं ते. शहाण्णव साली घाटात आमचा ट्रेलर झोकांड्या खात खड्ड्यात गेला आणि माझ्या नवऱ्याचा, आर्विडचा, खुबा मोडला. मागच्या पलंगाखाली त्याचे अकीक दगड सापडले. "चूक माझी, दगड माझे," असं त्याने पोलिसाला सांगितलं. सिग्ने, तू बाबांना त्यावरून आयुष्यभर बोललीस. दगड साठ पौंडांचे होते. मागची पाण्याची टाकी मी सकाळी काठोकाठ भरली होती, तिचं वजन सव्वातीनशे पौंड. मुक्कामाच्या तळावरच्या पाण्याने केस धुवायचे नव्हते मला, एवढंच कारण. साऱ्या जिल्ह्याचे ट्रक तोलणारी मी, स्वतःचा ट्रेलर कधी काट्यावर नेला नाही.

गेल्या हिवाळ्यात, आर्विड वारला त्याच्या आदल्या आठवड्यात तो म्हणाला, "त्या सकाळी नळाचा आवाज ऐकला होता गं मी."

"मग बोलला का नाहीस?"

"भुईकाटेवालीला वजन कोण शिकवणार?"

मला फार लाज वाटली. अजून वाटते.

५. आर्विडचे सगळे दगड सिग्नेला. घरात, दर्शनी ठेवावेत.

६. पहिल्या सफरीत आम्हा दोघांच्या राखेचे डबे चाकांच्या पुढच्या बाजूला ठेवावेत आणि नदीकाठी, जिथे तो दगड वेचायचा, तिथे राख सोडावी. डबे आत ठेवूनच ट्रेलर तोलावा. वजन जास्त भरलं, तर आधी मला उतरवावं. त्याला नाही.

सही: लोर्ना हॉगन
साक्षीदार: डेल क्विग्ली, आयरीन टॉफ्टे
लुइसटाउन, १४ ऑक्टोबर २०२३