फाउल

१४ मार्च

ती. सौ. वहिनीस,

नमस्कार. मी बरा आहे, खोकला थांबला. 'सौ.' लिहू नका असं तुम्ही कळवलं होतंत. हात तसाच वळतो. दादाला जाऊन वर्ष होत आलं, हे मला ठाऊक आहे. काळजी नसावी.

स्नूकरचा सराव चालू आहे. सोबतीला माणूस परवडत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी मीच खेळतो. उजव्या हाताने माझा डाव, डाव्याने दादाचा. खेळाडू खरा तोच होता. त्याने स्वतःला दुकानाला जुंपून घेतलं आणि मला पुढे काढलं. आधी उजवा जिंकायचा. हिवाळ्यापासून डावा जिंकतो. क्लबचा मालक म्हणाला, "अरे, मग त्यालाच पाठव की स्पर्धेला!" मीही हसलो.

सामन्याचं विचारलंत. जिंकलो असतो तर व्यावसायिक खेळाडूंत आणखी दोन वर्षं राहिलो असतो.

शेवटची फ्रेम. टेबलावर गुलाबी आणि काळा, दोनच बॉल. गुलाबी घातला की सामना माझा. काळ्यावरून हात नेऊन वाकलो. मागून, माझ्या रिकाम्या खुर्चीतून, दादा म्हणाला, "बाही लागली रे काळ्याला."

सरावात तो असंच सांगायचा. कधी खोटं बोलला नाही.

मी सरळ उभा राहिलो. म्हणालो, "फाउल."

रेफरी म्हणाला, "मला तर काही दिसलं नाही."

समोरचा म्हणाला, "अहो, खेळा की!"

पण आमच्यात खेळाडूने स्वतः फाउल सांगितला की पुढे कोणी विचारत नाही. मी जाऊन बसलो. त्याने गुलाबी घातला, सामना त्याचा झाला. खुर्ची गरम होती.

नंतर चित्रीकरण पाहिलं. बाही आणि काळा बॉल, मध्ये बोटभर फट.

हरलास तर आप्पांच्या दुकानात ये, असं तुम्ही म्हणाला होतात. तुमच्या वडिलांचे उपकार आहेत, पण त्यांना नाही म्हणून सांगा. माझी जागा गेली. मे महिन्यात नव्या खेळाडूंची निवड आहे. दादा उतरतो म्हणतो. त्याला संधी मिळाली नव्हती, हे तुम्हीच कितीदा बोलून दाखवलंत. मी खुर्चीत बसेन.

तुम्ही बघायला याल का, असं त्याने विचारलं आहे.

आपला, अजून तरी,
धाकटा दीर