तिसरा कप

अल्मिर,

तुझं ते बटणाचं कॉफीयंत्र आज चालणार नाही. माझ्या आईच्या तांब्याच्या कॉफीभांड्यात तू निवडुंग लावला होतास ना, तो उपटून मी यंत्राच्या टाकीत लावलाय. शोभतोय!

माझ्या कॉफीला तू चारचौघांत 'गावठी गाळ' म्हणालास. तोच गाळ आज त्याच भांड्यात उकळून टेबलावर झाकून ठेवलाय. पाहुण्याला पहिला कप स्वागताचा, दुसरा गप्पांचा. ते दोन्ही तू लग्नापासून फुकट ढोसलेस. हा तिसरा. साऱ्या सारायेव्होत तो 'आता उठा' म्हणायला देतात, हे तुला मी सांगायला नको.

घर माझ्या आईचं आहे. मी संध्याकाळी येते. किल्ली ठेव, निवडुंग घेऊन जा. आणि कप विसळ.

मेव्लिदा