मारामारीच्या टेबलावरचे काका

३ मार्च, मंगळवार

परत गेला! मनाई असलेल्या दारात जाऊन उभा राहिला, बेल वाजवली, आणि बायकोनं दार उघडल्यावर तिलाच विचारलं, 'इथे कोण राहतं?' समोरच्या शिंप्यानं पोलिसांना कळवलं, पोलिसांनी मला. मी पोचले तेव्हा गडी जिन्याच्या पायरीवर बसून शिंप्याच्या मांजराला गोंजारत होता.

असा माणूस माझ्याकडे आजवर आला नव्हता. आमच्या ऑफिसात तीन टेबलं – दारूचं, औषधांचं म्हणजे डोक्याच्या-मनाच्या आजारांचं, आणि मारामारीचं. न्यायाधीश तुरुंगाऐवजी प्रोबेशनवर सोडतात त्या माणसांची वाटणी या तिघांत. ज्याचं दुखणं जसं, ज्याचा धोका जसा, तसं टेबल. माझं मारामारीचं. इथे नियम सगळ्यांत कडक. न सांगता घरी जाऊन तपासणी, मनाईच्या पत्त्यावर पाऊल टाकायचं नाही, टाकलं की आत. आणि त्यात हा निवृत्त बसड्रायव्हर – सत्तरी ओलांडलेला, शर्टाची वरची गुंडीही लावणारा. बायकोला ढकललं, तिचं मनगट मोडलं. मुलीकडे राहायचं आणि बायकोच्या घराकडे फिरकायचं नाही, या अटीवर बाहेर आहे.

ही दुसरी खेप, वय बघून दोन्ही वेळा सोडलंय. आमच्या ऑफिसप्रमुख मॅडमनी बजावलंय, पुन्हा गेला तर आपण काही करू शकणार नाही.

५ मार्च, गुरुवार

काकांच्या मुलीच्या घरी गेले. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते. कामाला जाताना बापाला बाहेरून कुलूप. तरी तो खिडकीतून उतरला – तळमजला आहे. मी म्हटलं, असं कोंडणं चालणार नाही, आग लागली तर?

"लागू दे," म्हणाली. मग स्वतःच दचकली आणि ओट्याकडे तोंड करून भांडी आवरत राहिली.

तिच्या मते हे सगळं नाटक आहे. 'आम्हाला ठाऊक आहेत ते.' काय ठाऊक आहे, विचारलं, तर तोंडाला कुलूप.

काकांना समोर बसवून अटी पुन्हा समजावल्या. प्रत्येक वाक्याला मान डोलावली. 'बरोबर आहे, नियम म्हणजे नियम, सिग्नल तोडून कसं चालेल.' मला बरं वाटलं. उठताना मला विचारतात, 'ज्या बाईला लागलं, ती बरी आहे ना आता?'

रस्ताभर हेच डोक्यात. नाटक असेल तर माणूस फारच मोठा नट आहे.

१० मार्च, मंगळवार

डॉक्टरांकडे नेलं. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तर काकांनी गोल काढला आणि सगळे आकडे एका बाजूला दाटीवाटीनं बसवले. मग डॉक्टरांची माफी मागितली – 'आज गर्दी आहे फार.' मला हसू आलं, ते खोकल्यात लपवलं.

स्मृतिभ्रंश. बराच पुढे गेलेला. डॉक्टर म्हणाले, ओळख पटली नाही की अशी माणसं घाबरतात, ढकलतात, कधी मारतातही. काकूंनी पोलिसांना दिलेल्या जबाबाशी हे तंतोतंत जुळतं. घरात परकी बाई शिरली असं समजून त्यांनी ढकललं.

म्हणजे चुकीच्या टेबलावर आहेत! माझ्याकडचे नियम लक्षात ठेवायचे असतात. आणि ज्याला स्वतःची बायको लक्षात नाही, त्याला आम्ही पत्ता विसरला नाहीस म्हणून तुरुंगात घालणार?

११ मार्च, बुधवार

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, 'आजार आहे हे मान्य. पण मनगट आजारी माणसानं मोडलं म्हणून कमी मोडत नाही.' मंगळवारी तिन्ही टेबलांची बैठक.

१७ मार्च, मंगळवार

काकांचं टेबल बदला म्हणून बैठकीत मी घसा कोरडा पडेपर्यंत बोलले. औषधांच्या टेबलावर जे बसतात त्यांना आम्ही गोळीवाले म्हणतो. सज्जन माणूस, बोलतो कमी, खोकतो जास्त. ते म्हणाले, 'माझ्याकडे जागा आहे. काकांना मी सांभाळीन. काकूंना कोण सांभाळणार?'

मॅडमनी हे वहीत लिहून घेतलं. ठरलं असं – कोर्टाकडे मनाई सैल करायची मागणी करायची, पण आधी मी काकूंना भेटून त्यांचं म्हणणं घ्यायचं. पूर्वी कधी असं घडलं होतं का, हेही विचारायचं. 'नीट विचार,' मॅडम दोनदा म्हणाल्या.

१९ मार्च, गुरुवार

काकूंच्या स्वयंपाकघरात बसले. प्लास्टर निघालंय, पण मनगट अजून वळत नाही. बटाटा टेबलावर दाबून धरून सोलत होत्या. मी सोलते म्हटलं, दिला नाही.

मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, त्यांना घरी आणा. मुलीकडे त्यांचे हाल होतात.

मग मी माझा प्रश्न विचारला. त्यांनी पोलिसांना सांगितलेलंच सांगितलं – चाळीस वर्षांत बोट लावलं नाही. मी पुढचा बटाटा त्यांच्याकडे सरकवला. या कामात एवढंच शिकलेय, कधी गप्प बसायचं ते. त्यांचा हात थांबला.

"उगारायचे हात," म्हणाल्या. "नेहमी. गाडी उशिरा सुटली तरी मार मला, लवकर पोचली तरी मलाच. पोरीनं सगळं पाहिलंय. बाहेर बोलायचं नाही अशी शपथ घातलीय मी तिला."

"मग परत कशाला हवेत, काकू?"

"आता ते मला ओळखत नाहीत." चेहऱ्यावर काय आलं ते मला नाव देऊन सांगता येणार नाही. लाज नव्हती, एवढं नक्की. "त्या दिवशी दारात आले ना, तुम्ही यायच्या आधी, तेव्हा म्हणाले, बाई, तुम्ही जेवलात का? मी जेवले का, हे या घरात कुणी कधी विचारलं होतं? हा माणूस मला लग्नात मिळायला हवा होता. आता मिळालाय तर तुम्ही त्याला दारातून परत नेता."

मनगटाचं विचारलं. 'चोर समजले मला, ओळखलं नाही,' म्हणाल्या आणि सालं गोळा करायला लागल्या.

निघताना माझा हात धरला, त्याच दुखऱ्या हातानं. जुनं काही लिहू नका म्हणाल्या.

२० मार्च, शुक्रवार

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. लिहिलं तर कोर्ट मनाई उठवणार नाही आणि काका तिसऱ्यांदा त्या दारात जाऊन तुरुंगात जातील. कशासाठी, हेही त्यांना कळणार नाही. नाही लिहिलं तर – मारणाऱ्या माणसाला मार खाणाऱ्या बाईच्या घरात मी स्वतःच्या हातानं नेऊन सोडलं असं होईल. आणि तिनंच मागितलं, हे मी कुठल्या तोंडानं सांगणार? सगळ्याच जणी मागतात. माझ्या टेबलावरच्या निम्म्या पुरुषांच्या बायका मागतात.

पण ही वेगळी. ती 'ते सुधारलेत' म्हणत नाही. 'ते विसरलेत' म्हणते.

रात्री माझ्या नवऱ्यानं विचारलं, आज भाजीत मीठ का नाही? म्हटलं, घातलं होतं. नव्हतं घातलं.

२४ मार्च, मंगळवार

मॅडमना सगळं सांगून टाकलं. काकूंचा शब्द मोडला. मॅडमनी फाइल पुन्हा उघडली. मग म्हणाल्या, "ती बाई काही अजाण नाही. पण आपणही नाही."

कोर्टाला जसंच्या तसं कळवायचं. मात्र सोबत एक मधला मार्गही सुचवायचा. काका राहणार मुलीकडेच. दिवसा सांभाळायला बाई ठेवायची, तिचा खर्च औषधांच्या टेबलाकडून. आणि आठवड्यातून दोन दुपारी काकूंकडे भेट, मुलीच्या देखत.

संध्याकाळी काकूंना मीच फोन करून सांगितलं की मी लिहिलंय. पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग 'बरं' म्हणाल्या आणि ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर हलकं वाटलं असतं.

१ एप्रिल, बुधवार

मंजूर झालं! काका औषधांच्या टेबलावर. नीट रुळेपर्यंत मीही लक्ष ठेवायचं.

मुलगी ऑफिसात सही करायला आली होती. जाता जाता म्हणाली, 'आईनंच सांगितलं ना तुम्हाला? मग मीही सुटले.' जिन्यात बसून रडली. मी शेजारी बसले. माझ्याकडे द्यायला आणखी काही नव्हतं.

८ एप्रिल, बुधवार

पहिली भेट. मीही गेले. दार उघडायच्या आधी मुलगी आणि मी एकमेकींकडे पाहत होतो, परीक्षेच्या निकालाला उभ्या असल्यासारख्या.

काकूंनी इस्त्रीची साडी नेसली होती. काकांनी चपला नीट जोडून बाहेर ठेवल्या आणि विचारलं, "बाई, बसू का?"

चहा आला. काकांनी घराकडे नजर फिरवली.

"तुमचे यजमान कामावर गेलेत का?"

"हो," काकू म्हणाल्या. "लांबच्या गाडीवर गेलेत."

"मग उशीर होईल त्यांना. रस्ता वाईट आहे तिकडचा."

"होऊ दे उशीर."

मुलीनं तोंड फिरवलं. काकू बशीत चहा ओतून देत होत्या आणि मनगट दुखत होतं म्हणून थोडा सांडला. मी खुर्चीवरून अर्धी उठले. काकांनी खिशातून रुमाल काढून टेबल पुसलं. 'असू द्या, असू द्या,' म्हणत.

घरी येताना बसमध्ये एकटीच हसत होते. शेजारच्या बाईनं सरकून बसून घेतलं.

१४ एप्रिल, मंगळवार

दुसरी, तिसरी भेट निर्विघ्न. आज काकांनी काकूंना दोरा ओवून दिला म्हणे. मुलगी हे सांगताना चिडलेली होती – 'मला ताप आला तरी या माणसानं कधी पेलाभर पाणी दिलं नव्हतं.' तिचं खरं आहे. काकूंना नवा माणूस मिळाला. तिचा बाप जुनाच राहिला.

१६ एप्रिल, गुरुवार

आता माझं जाणं बंद. गोळीवाल्यांना सगळं समजावून दिलं. त्यांनी विचारलं, धास्ती गेली का? म्हटलं, गेली. गेलीच आहे. पुष्कळ दिवसांनी एखादं काम नीट झाल्यासारखं वाटतंय.

२३ एप्रिल, गुरुवार

दुपारी काकूंचा फोन. आवाज एवढा बारीक की आधी कळेचना कोण ते. आज भेटीची दुपार होती आणि मुलगी खाली औषधं आणायला गेली होती. 'न्हाणीघरात आहे. आतून कडी लावलीय. या.'

मी आणि गोळीवाले धावत गेलो. तोवर मुलगी वर आली होती आणि न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून उभी होती. समोर स्टुलावर काका. शांत. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यांना जिना उतरवून गाडीत बसवल्याशिवाय काकूंनी कडी काढली नाही.

कुठे लागलेलं नव्हतं. मी विचारलं, काय झालं?

"आज त्यांनी मला नावानं हाक मारली," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "मनगट मोडलं, त्या दिवशीही ओळखलंच होतं."