खोली एकच राहील

मी, नोरा बावतीस लोपीस, वय सत्तेचाळीस, अविवाहित, धर्माने ख्रिस्ती, पेशाने शिक्षिका, मूळ गाव नंदाखाल, तालुका वसई, सध्या मुक्काम देरा, दुबई, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवते. मी पूर्ण शुद्धीवर आहे. हे वाक्य मृत्युपत्रात सगळेच लिहितात आणि फारसे कोणी वाचत नाही. माझ्या बाबतीत ते वाचावे लागेल. रविवारी माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे, आणि मी ज्या संस्थेत संध्याकाळी शिकवते तिच्या डायरेक्टरसाहेबांनी स्टाफरूममध्ये आत्तापासूनच सांगून ठेवले आहे, "मॅडम गोळ्यांच्या गुंगीत असतात, त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका." गोळ्या मी झोपताना घेते. हे लिहिते आहे सकाळी, चहा-पाव खाऊन, खिडकीशी बसून.

१. नंदाखालच्या घरातला माझा हिस्सा आणि विहिरीकडची केळीची बाग माझी भाची केली हिला मिळावी. माझा भाऊ लॉरेन्स याला मिळू नये. लॉरेन्स अबुधाबीत तेल कंपनीच्या ऑफिसात आहे, त्याला बागेची गरज नाही. त्याला बाग विकायची घाई आहे. वसई कोर्टातली वकिली सोडून मी इथे फौजदारी न्याय शिकवायला आले, तेव्हा तो म्हणाला होता, "चोर-दरोडेखोरांचं शिकवून कोणाचं भलं झालंय, नोरा? नर्सिंग केलं असतंस तर गल्फमध्ये मान मिळाला असता." लॉरेन्स, तुझ्यावर माझा राग नाही, असे मी इथे लिहिणार होते. पण हा कायद्याचा कागद आहे, त्यात खोटे लिहिता येत नाही.

केली मराठीत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इंग्रजीत देते, पण उत्तर खरे देते. बाग तिला देण्याचे कारण तेवढेच. आईच्या बांगड्याही तिलाच.

२. माझा वकिलीचा काळा कोट कोणा एकाला नाही. तो वर्गात खिळ्यावर टांगलेला असतो, तिथेच राहावा. जो त्या दिवशी न्यायाधीश होईल त्याने तो घालावा. खांद्यात उसवला आहे. तो माझ्या वर्गातल्या गणूच्या खांद्यांमुळे, आणि मला तो शिवायचा नाही.

३. आता ज्यासाठी हा कागद लिहायला घेतला ते.

माझ्या वर्गाचे नाव कागदोपत्री 'सर्टिफिकेट इन क्रिमिनल जस्टिस' असे आहे. त्यात हॉटेलांचे सिक्युरिटी गार्ड येतात, टॅक्सीवाले येतात, पोलीस खात्यात कारकून असलेल्या इथल्या मुली येतात, आणि ज्यांना बांधकामाच्या साइटवरून सुटून गार्डची नोकरी हवी आहे असे आपले कोकणातले लोकही येतात. पहिल्या वर्षी इथल्या मुली पुढच्या बाकांवर बसत आणि बाकीचे भिंतीला पाठ लावून. मग मी चिठ्ठ्या सुरू केल्या. दर मंगळवारी वर्गात खटला चालतो. कोण न्यायाधीश, कोण पोलीस, कोण आरोपी, हे चिठ्ठी ठरवते. मी नाही, आणि पासपोर्ट तर नाहीच.

गेल्या महिन्यात आरोपीची चिठ्ठी कुबराला आली. कुबरा देऱ्यातल्या जुन्या व्यापारी घराण्यातली, पोलीस खात्यात कारकून. न्यायाधीश झाला गणू, राजापूरकडचा शटरिंगचा सुतार. फिर्यादी पक्षाचा पोलीस मुनीर. तो पेशावरचा, टॅक्सी चालवतो. आरोप होता हॉटेलच्या खोलीतून घड्याळ चोरल्याचा.

कुबरा दर मंगळवारी घरून वेलची घातलेली अरबी कॉफी आणते. त्या दिवशीही तिने आणली आणि रिवाजाप्रमाणे मुख्य खुर्चीवर बसलेल्या माणसाला पहिली दिली. इथला रिवाज असा, की पाहुण्याने रिकामा पेला हलवून दाखवला नाही तर यजमानाने ओतत राहायचे. आणि गणूच्या घरचा रिवाज असा, की वाढलेले नाकारायचे नाही. ती ओतत राहिली, तो पीत राहिला. ती मनात म्हणत असणार, केवढी ही हाव. तो मनात म्हणत असणार, केवढा हा आग्रह. दोघेही घामाघूम.

शेवटी मुनीर उठला. "माय लॉर्ड, आप तो मुलजिम की कॉफी पी गए! केस खलास!"

"अरे, वो डालती है तो मैं क्या करूँ?" गणू म्हणाला.

"मेहमान को कॉफी देना हमारे घर में रिश्वत नहीं होती," कुबरा कडाडली.

"मग मी काय निकाल कॉफीवर देणार काय?" गणू मराठीतच ओरडला, आणि आश्चर्य म्हणजे मुनीरला ते कळले.

"तो किस पर देगा? खजूर पर?"

मग सगळा वर्ग पेटला. देणाऱ्याच्या मनात नसले तरी लाच होते का? घेणाऱ्याला नाही म्हणता येत नसेल तर? न्यायाधीशाने खुर्ची सोडायची की नुसता पेला? बाकांच्या रांगा मोडल्या, कोण कोणाशेजारी उभा आहे हे कोणी पाहिले नाही. एवढी चांगली तासिका मी आजवर घेतलेली नाही, आणि ही तर मी घेतलीच नव्हती. मी कोपऱ्यात बसून होते. आपण कशासाठी घर सोडून इतक्या लांब आलो, हे त्या कोपऱ्यात मला पहिल्यांदा नीट कळले.

कुबराने ही गोष्ट घरी हसत सांगितली. तिचा थोरला भाऊ अब्दुलरहीम हसला नाही. दुसऱ्या दिवशी तो संस्थेत आला. "मेरी बहन मुजरिम बनकर खड़ी रही, और मजदूर कोट पहनकर कुर्सी पर?"

मी म्हटले, "चिट्ठी में जो निकला, वो हुआ."

"चिट्ठी को क्या मालूम कौन किसकी बहन है?"

"तेच तर," मी म्हटले. तो मराठी शब्द त्याला कळला नसेल, पण सूर कळला.

त्यानंतर डायरेक्टरसाहेबांनी मला बोलावून फर्मावले, की इथल्या मुलींचा वर्ग आता वेगळा, गार्ड आणि मजुरांचा वेगळा. "मॅडम, सिलॅबस एकच आहे, फक्त खोल्या दोन." मी त्यांना सांगितले की खोल्या दोन झाल्या की न्यायही दोन होतात, एका खोलीत लोक शिकतात आरोप कसा ठेवायचा, दुसऱ्या खोलीत शिकतात मान कशी खाली घालायची. साहेब हसले. "तुम्ही फार इमोशनल होता. ऑपरेशनच्या आधी तेवढे तुमचे पाठ संस्थेच्या नावावर लिहून द्या आणि सही करा."

ते पाठ संस्थेचे नाहीत. माझ्या करारात फक्त शिकवणे आहे, लिहिणे नाही. करार करताना मी वकील होते हे साहेब विसरले. सगळे पाठ, खटल्यांचे नमुने आणि प्रश्न मी घरी, सुट्टीच्या दिवशी, माझ्या कागदावर लिहिले. म्हणून मी ते पुढीलप्रमाणे देते.

सर्व पाठांचे सर्व हक्क कुबरा आणि गणू या दोघांना मिळून द्यावेत. वाटणी करू नये. एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय ते वापरता, छापता किंवा विकता येणार नाहीत. आणि कोणत्याही संस्थेला ते शिकवायला द्यायचे झाले, तर सर्व विद्यार्थी एकाच खोलीत, एकाच दाराने येतील, या अटीवरच द्यावेत. अट मोडली त्या दिवशी परवानगी रद्द.

गणूला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, ती माझं ऐकायची नाय."

"तू तिचं ऐकतोस?"

"नाय."

"मग बरोबरीत आहात."

दोघे भांडले तर भांडोत. त्याच खोलीत भांडावे.

४. मला इथल्याच ख्रिस्ती दफनभूमीत पुरावे. लॉरेन्सने माझ्यासाठी विमानाची धावपळ करू नये. प्रार्थनेनंतर माझ्याविषयी बोलताना 'गरिबांची सेवा केली' असे कोणीही म्हणू नये. मी सेवा केली नाही. मी फौजदारी न्याय शिकवला, आणि ज्यांना आला नाही त्यांना नापास केले. गणूला दोनदा.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी केलीने करावी. साहेबांचा फोन आल्यास तिने इंग्रजीतच बोलावे. त्या भाषेत तिला भीड पडत नाही.

६. हे कलम मूळ मसुद्यात नव्हते. सही करण्याआधी लिहिते आहे.

साक्षीदार दोन लागतात. ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळते त्यांची साक्ष घेऊ नये, म्हणून कुबरा आणि गणू इथे हजर असूनही उपयोगाचे नाहीत. मुनीर टॅक्सी बाजूला लावून आला आहे. दुसरे साक्षीदार संस्थेतले एक सहकारी होते. त्यांनी मघाशी फोन केला, "नोरा मॅडम, समजून घ्या, माझा व्हिसा संस्थेचा आहे." समजून घेतले.

मी खाली गाळ्यातल्या दुकानदाराला विचारावे म्हणून उठत होते, तर कुबरा जिना उतरली, आणि वर आली ती अब्दुलरहीमला घेऊन. तो तिला सोडायला आला होता आणि खाली गाडीत बसून होता. गणू खुर्चीवरून उठला. मी त्याला बस म्हटले.

अब्दुलरहीम म्हणाला, न वाचता सही करणार नाही. योग्यच आहे; माझ्या वर्गात हेच शिकवतात. मी सर्व कलमे हिंदीत सांगितली, अडले तिथे कुबराने अरबीत. त्याच्याविषयीचा भाग आला तेव्हा मी त्याच्याकडे पाहून वाचला. मुनीरने घसा खाकरला.

"ये मैंने कहा था," अब्दुलरहीम म्हणाला. "लिखा रहने दो."

मग त्याने मला विचारले, आज वार कोणता, ऑपरेशन कधी, गोळी शेवटची कधी घेतली. मी सांगितले. साहेब काय म्हणतात हेही सांगितले.

"और अगर आप बच गईं?"

"तो क्लास लूँगी. एक ही कमरे में."

अब्दुलरहीमने माझे पेन बाजूला सारून स्वतःचे काढले. तो काय लिहील ते मला माहीत नाही. मी आता सही करते.

ठिकाण : देरा, दुबई
तारीख : १५ मार्च २००२, शुक्रवार

लिहून ठेवणार : नोरा बावतीस लोपीस

साक्षीदार पहिला : मुनीर खान, टॅक्सीचालक. मॅडमनी माझ्या डोळ्यांसमोर सही केली.

साक्षीदार दुसरा : अब्दुलरहीम, कुबराचा भाऊ. (अरबीत स्वतः लिहिले. कुबराने हिंदीत अर्थ सांगितला, मराठीत मी उतरवला. नो. लो.)

"या कागदात जे लिहिले आहे ते मला मान्य नाही. ही बाई पूर्ण शुद्धीवर आहे. तिने माझ्यासमोर सही केली. कोणी म्हणाले की ती शुद्धीत नव्हती, तर त्याच्यासमोर मला उभे करावे."