हजार फुटांची वर्तुळं

४१२, मोरेरा स्ट्रीट
सॅन लिबोरियो
११ सप्टेंबर २०२३

चि. एफ्राइन यास,

ओफेलियाचा आशीर्वाद. लहान भावाला पत्र लिहायचं तर तो लिहावा लागतो, म्हणून लिहिला. आज तो मनातून निघालेला नाही.

फोन करू नकोस. कालपासून वाजतोय आणि मी तो उशीखाली दाबून ठेवलाय. फोनवर तू गोड बोलतोस, मला हसवतोस आणि मूळ गोष्ट राहून जाते. जे सांगायचं ते कागदावर सांग, खाली सही करून.

पेपरात तुझा फोटो पाहिला. नगरसेवक एफ्राइन बारागान, मुलांच्या आरोग्याचा कैवारी! शाळा, बाग किंवा वाचनालयापासून हजार फुटांच्या आत व्हेपचं, म्हणजे त्या वाफेच्या सिगारेटींचं, आणि तंबाखूचं नवं दुकान निघणार नाही, असा ठराव तू मांडलास आणि सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या. पण शेजारची लूपे नकाशा घेऊन आली. तिच्या जावयाने तुमच्याच ऑफिसातून आणलाय. त्यावर शाळा-बागांभोवती लाल वर्तुळं काढली आहेत. रुळांपलीकडे, तुमच्या बाजूला, इतकी वर्तुळं की पांढरा कागद दिसत नाही. रुळांच्या अलीकडे, आमच्या चार रस्त्यांवर, एकही नाही.

कसं असणार? वाचनालय आम्हाला कधी मिळालंच नाही. बाग नाही. सिकामोर शाळा होती, जिथे तू अक्षरं गिरवलीस. ती बंद केली आणि पोरांना बसमध्ये कोंबून तुमच्याकडे पाठवायला लागले. म्हणजे आधी शाळा काढून घेतली, आणि आता शाळा नाही म्हणून दुकानं इथे. सबंध शहरात ती उघडायला एवढीच जागा उरली. हे तुला त्या गुबगुबीत खुर्चीवर बसून दिसलं नाही?

माझ्या घराशेजारची कासिमिरोची बेकरी रिकामी झाल्याचं तुला कळलं असेलच. आज दोन माणसं कुलूप उघडून आतल्या भिंती मोजत होती. कसलं दुकान काढताय, हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

कोलीनचा गुडघा कसा आहे? तिला माझी आठवण सांग. भावजयीवर माझा राग नाही.

तुझी बहीण,
ओफेलिया


१९ सप्टेंबर २०२३

ती. ताईस,

एफ्राइनचा साष्टांग नमस्कार. वि. वि. तुझं पत्र आधी कोलीनने वाचलं आणि म्हणाली की तुझी ताई तुला अजून शाळेतलाच समजते. मी म्हटलं, शाळेत असताना तिने एवढं कडक लिहिलं असतं तर माझं गणित सुधारलं असतं. थोडी तरी हसलीस ना? बरं, नाही हसलीस.

ताई, सबंध शहरात बंदी घालता येत नाही. आमचे वकील म्हणतात, धंदा कायदेशीर आहे, त्याला कुठेतरी जागा ठेवावीच लागते, नाहीतर ठराव कोर्टात टिकणार नाही. नकाशा नगररचना खात्याने केला आणि आमच्यासमोर त्याच संध्याकाळी आला. मी मुलांचा विचार केला, यावर तरी विश्वास ठेव. आमच्या मोठ्या शाळेच्या स्वच्छतागृहांत पोरं काय काय ओढतात ते ऐकलंस तर तुला झोप येणार नाही.

खरं सांगू का? मला तुझीच काळजी वाटते. तुझा दमा, तो रस्ता, रात्रीची वर्दळ. आता ते घर विकून टाक आणि आमच्याकडे ये. मागच्या अंगणात दोन खोल्या बांधून घेऊ. तुझी भाची पिलार तर आत्ताच पडद्यांचे रंग ठरवत बसली आहे. रविवारी जेवायला ये, मग बोलू. मी न्यायला येतो.

कोलीनचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, ती माझ्यावर कुरकुरते. बाकी ठीक. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
एफ्राइन


२३ ऑक्टोबर २०२३

चि. एफ्राइन यास आशीर्वाद.

रविवारी आले नाही, येणारही नाही. तू मला घर विक म्हणतोस. रस्ता बिघडवायचा तुम्ही, आणि उठून जायचं मी? आणि मी गेले की लूपेने कुठे जायचं? तिच्यासाठी कुणाच्या अंगणात खोल्या बांधणार आहेस?

बेकरीच्या जागी दुकान उघडलं. काचेवर जांभळे दिवे, ते माझ्या झोपायच्या खोलीत येतात. पूर्वी पहाटे भाजलेल्या पावाचा वास यायचा, आता दिवसभर आंबा, कलिंगड आणि बबलगम. लाँड्री होती तिथे दुसरं दुकान येतंय. आणि शाळेची बस थांबते कुठे? बरोबर बेकरीच्या दारात. तुमच्या कायद्यात बसथांब्याला वर्तुळ नाही, त्यामुळे पोरं बसमधून उतरतात ती थेट त्या काचेसमोर. दुकानदार लहानांना विकत नाही, तसा बोर्डच लावलाय. थोराड पोरं आत जाऊन घेतात आणि मागच्या गल्लीत धाकट्यांना देतात. मी झाडू घेऊन त्या गल्लीत उभी राहते. ती मला म्हातारी म्हणून हसतात. हसू देत.

गेल्या आठवड्यात लूपेची नात इत्सेल चर्चमध्ये उभ्या उभ्या कोसळली. सातवीतली पोर. ओठ पांढरेफटक. दप्तरात ती व्हेपची नळी सापडली, पेन्सिलींमध्ये पेन्सिलीसारखी. डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतली. लूपे मला म्हणाली की तुझ्या भावाला विचार, इत्सेल मुलांमध्ये धरली होती की नाही. मी तुला विचारतेय.

आता नीट वाच. सिकामोर शाळेचं मैदान कुंपण घालून नुसतं पडलंय. मी शिक्षण मंडळात जाऊन बसले. आधी त्यांनी मला या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरवलं, मग मी हलत नाही म्हटल्यावर साहेब बाहेर आले. म्हणाले, नगर परिषद बाग करणार असेल तर मैदान वापरायला देऊ. बाग झाली की तिच्याभोवती हजार फूट येतात. लूपेने नकाशावर कप पालथा घालून गोल काढला. आमचे चारही रस्ते त्यात बसतात. जी उघडली ती तुमच्या कायद्याने राहतील, पण नवं एकही येणार नाही.

तुला फक्त ठराव मांडायचा आहे. तो कसा मांडतात ते तुला चांगलं येतं, फोटोसकट.

ओफेलिया


६ नोव्हेंबर २०२३

ती. ताईस सा. न.

इत्सेलचं वाचलं. लूपेला काय लिहू ते सुचत नाही. तिला भेटायला येईन.

बागेचं मी वकिलांशी बोललो. तुमचे चार रस्ते बंद झाले की सगळा नकाशा लाल होतो, आणि मग कायद्याने दुसरीकडे जागा मोकळी करावी लागते. एकच उपाय निघतो. सगळीकडे हजार फुटांऐवजी सहाशे फूट करायचे. मग तुमचे रस्ते बंदच राहतात, पण आमच्याकडचा बाजारचौक मोकळा होतो. तो माझ्या घराच्या कोपऱ्यावर आहे, ताई. पिलार शाळेतून तिथूनच चालत येते. इथली माणसं मला रस्त्यात धरतील. पुढच्या वर्षी निवडणूक आहे. सभागृहात मी बसलोय म्हणून आपल्या बाजूचं निदान कुणीतरी बसलंय, हेही बघ.

थोडा धीर धर. काहीतरी मधला मार्ग काढतो.

तुझा,
एफ्राइन


४ डिसेंबर २०२३

एफ्राइन,

धीर धर हे शब्द मला पुन्हा लिहू नकोस.

तुझ्या कोपऱ्यावर एक दुकान येईल या विचाराने तुझी झोप उडाली. आमच्याकडे काल तिसरं उघडलं. पिलार चालत येते, आणि इत्सेल काय उडत येते?

आपल्या बाजूचं कुणीतरी तिथे बसलंय म्हणतोस. बसलंय खरं. उठणार कधी?

तू मांडत नाहीस तर आम्ही मांडतो. लूपेच्या जावयाने दारोदार जाऊन सह्या गोळा केल्या, अर्ज दिला. १६ जानेवारीच्या सभेत बाग आणि सहाशे फूट, दोन्हींचा विषय येतोय. लूपे येईल, मी येणार नाही. तुझा हात वर जातो की मांडीवरच राहतो, ते या डोळ्यांना बघवणार नाही.

नाताळला मक्याच्या पिठाचे तमाले करणार आहे. पिलारकडे तुझ्या वाटणीचे पाठवीन, उपाशी ठेवण्याइतकी मी वाईट नाही.

ओफेलिया


१७ जानेवारी २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

लूपेने तुला रात्रीच सांगितलं असेल. तरी माझ्याकडून ऐक.

मी तटस्थ राहणार होतो. घरून तसं ठरवूनच निघालो होतो. दोन त्या बाजूला, दोन या बाजूला, आणि मी मधे. मत बरोबरीत अडकलं असतं, विषय बारगळला असता, आणि मला कुणालाच तोंड द्यावं लागलं नसतं.

लूपे बोलली. इत्सेलचं सगळं सांगितलं. मग आमच्या शेजारच्या व्हिटेकरबाई उठल्या. आमच्या फाटकाची किल्ली त्यांच्याकडे असते, कोलीन आजारी पडली की सूप घेऊन येतात, अशा बाई. माझ्या सप्टेंबरातल्या ठरावाला सगळ्यात आधी उभ्या राहून टाळ्या त्यांनीच वाजवल्या होत्या. त्या म्हणाल्या की चौकात असलं दुकान आलं तर आमच्या मुलांचं काय होईल. आणि अगदी शांतपणे पुढे म्हणाल्या की रुळांपलीकडच्या लोकांना या गोष्टींची सवय असते. एवढं बोलून त्यांची नजर माझ्यावर पडली. त्या घाईने म्हणाल्या की अर्थात तुमच्याबद्दल नाही हं, एफ्राइन, तुम्ही आमच्यातलेच.

ताई, शेजारी पिण्याच्या पाण्याचा ग्लास होता. तो मी उचलला तर फोडीन असं वाटलं, म्हणून हात टेबलाखाली ठेवले. बारा वर्षं मी त्या बाईला नमस्कार करतोय. कोलीन उठून शेवटच्या रांगेत लूपेशेजारी जाऊन बसली.

मी माइक ओढला. म्हटलं, माझी बहीण मोरेरा स्ट्रीटवर चारशे बाराला राहते, आणि तिला सवय नाही. सवय त्या रस्त्यावर कुणालाही नाही. यापेक्षा मोठं भाषण सुचलं नाही. मग हात वर केला. तीन विरुद्ध दोन. बाग मंजूर झाली, ताई.

आज सकाळी आमच्या पत्रपेटीत शेण सापडलं. माझी पुढची निवडणूक संपल्यात जमा आहे. पण मला रात्रभर भीती वाटली नाही, नुसता राग येत राहिला. तू इतके महिने हा कसा पोटात घेऊन झोपतेस?

तुझा,
एफ्राइन


२४ एप्रिल २०२४

चि. एफ्राइन यास अनेक आशीर्वाद.

तुमच्या चौकात व्हेपचं दुकान काढायच्या परवानगीचा अर्ज काल सभेपुढे आला. तुझं घर त्या जागेला लागून, म्हणून नियमाप्रमाणे तुला बाहेर बसवलं. आत काय झालं ते तुला दहा जण दहा तऱ्हांनी सांगतील, म्हणून मीच लिहिते.

मी अर्जाविरुद्ध बोलले. हो, विरुद्ध. लूपे बसमध्ये माझ्याशी भांडत होती. म्हणाली, येऊ दे की त्यांच्याकडे एखादं, वास घेऊ दे त्यांनाही. मलाही महिनाभर तेच वाटत होतं. पण परवा पिलारला भेटायला आले तेव्हा चौकात आइस्क्रीमच्या रांगेत पोरं उभी होती. इत्सेलएवढीच. एकीच्या दप्तराला इत्सेलच्या दप्तरासारखाच लोकरीचा ससा लटकत होता. मग मला तसं म्हणणं काही जमेना.

तीन मिनिटं देतात, तेवढीच बोलले. सांगितलं की ही दुकानं काय करतात ते मला विचारा, मी त्यांच्या शेजारी झोपते. बेकरी, बसथांबा, चर्चमधली फरशी, सगळं सांगितलं. अर्ज फेटाळला. तो माणूस कोर्टात जाईन म्हणाला. जाऊ दे, तिथेही येईन.

बाहेर पडताना तुझ्या व्हिटेकरबाई आल्या. डोळ्यांत पाणी. तुमचे उपकार कसे फेडू म्हणाल्या आणि हात पुढे केला. माझी पर्स दोन्ही हातांत होती, ती मी तशीच धरून ठेवली. त्यांना म्हटलं, मी तुमच्यासाठी बोलले नाही, पोरांसाठी बोलले. आमच्याकडे तीन उघडली तेव्हा तुम्ही कुठे होता? त्या म्हणाल्या, मला खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, नकाशा याच खोलीत भिंतीवर लावला होता, तुम्ही त्याच्याखाली उभं राहून टाळ्या वाजवत होता. त्यांचा हात बराच वेळ तसाच राहिला. मला दया आली नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

त्यांना एवढं सांगितलं की शनिवारी सिकामोरचं कुंपण उपटायचं आहे, तार गंजलेली आहे, जाड हातमोजे लागतील. हात द्यायचा असेल तर तिथे येऊन द्या. येतात का बघू. तू सकाळी लवकर ये, पिलारला आण. पहार लूपेच्या जावयाकडे आहे.

ओफेलिया